सात गुणांची चित्रकला

'गुण' या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. एक गुण माणसाच्या अंगीं असतो व दुसरा गुणपत्रिकेवर असतो. आमच्या माध्यमिक शाळांतील चित्रकलेनें या दोहोंपैकीं दुसऱ्याची कास धरली आहे, आणि ती धरतांना पहिल्याशीं असलेला संबंध जवळजवळ तोडून टाकला आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. आरोपी कोणी एक शिक्षक नाहीं, एक शाळा नाहीं, किंवा एकटें सरकारही नाहीं. ज्या सुशिक्षित कुटुंबांत हें मासिक वाचलें जातें, त्यांचाही या अपराधांत वाटा आहे. तेव्हां पुढील मजकूर वाचतांना थोडा राग आला, तर तो योग्य ठिकाणींच आला असें समजावें.

आधीं वस्तुस्थिति. महाराष्ट्रांत कला संचालनालयाच्या वतीनें एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नांवांच्या दोन शासकीय रेखाकला परीक्षा होतात. पैकीं इंटरमिजिएटमध्यें अ श्रेणी मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास दहावीच्या निकालांत सात गुण वाढवून मिळतात. ब श्रेणीस पांच, क श्रेणीस तीन. पांचशें गुणांत सात म्हणजे दीड टक्काही नव्हे. परंतु जेथें अकरावीचा प्रवेश अर्ध्या टक्क्यानें हुकतो, तेथें दीड टक्का म्हणजे केवढी इस्टेट! त्यामुळें आठवीपर्यंत ज्या मुलाच्या हातीं घरांत कोणी कुंचला दिला नाहीं, किंबहुना भिंतीवर रेघ ओढली म्हणून ज्यानें लहानपणीं मार खाल्ला, त्याच मुलास एकाएकीं ग्रेडच्या क्लासांत घातलें जातें. परीक्षा होते, श्रेणी येते, प्रमाणपत्राची प्रत शाळेच्या कचेरींत दाखल होते, आणि रंगपेटी माळ्यावर चढते. ती पुढें खालीं उतरत नाहीं. उतरलीच तर दिवाळीच्या साफसफाईंत.

या परीक्षांत 'स्मरणचित्र' नांवाची एक प्रश्नपत्रिका असते. नांव फार सुंदर आहे. जें डोळ्यांनीं पाहिलें, मनांत साठलें, तें समोर नसतांना कागदावर उतरवावयाचें, ही कल्पना ज्या कोणास सुचली त्यास आम्ही नमस्कार करतों. मुलानें बाजार पाहिला असेल, बसथांबा पाहिला असेल, पावसांत शाळा सुटतांना पाहिली असेल. त्यांतलें त्याच्या मनांत काय राहिलें तें त्यानें दाखवावें, इतकाच या प्रश्नाचा अर्थ.

आतां हें स्मरणचित्र शिकवितात कसें तें पाहा. डोक्यावर टोपली घेतलेली एक पाठमोरी बाई, एक हात पुढें केलेला एक सदरा-पायजम्यांतला माणूस, मांडी घालून बसलेली एक भाजीवाली, एक मुलगा, एक मुलगी आणि जागा उरल्यास एक कुत्रा, अशा सहा-सात आकृति मुलांकडून घोटून घेतल्या जातात. डावीकडे झाड, उजवीकडे घर, मागें डोंगर. मग विषय बाजाराचा आला तर त्या माणसाच्या पुढें केलेल्या हातांत पिशवी द्यावयाची. बसथांब्याचा आला तर तोच हात बसला दाखवावयाचा. रंगपंचमीचा आला तर त्याच हातांत पिचकारी. बिचाऱ्याचा हात वर्षानुवर्षें पुढेंच आहे! मुंबईच्या बाविसाव्या मजल्यावर राहणारा मुलगा कौलारू घर काढतो आणि रोज ज्या लोकलनें तो शाळेस जातो ती लोकल त्याच्या चित्रांत कधींही येत नाहीं, कारण ती घोटलेली नाहीं. कोंकणांतल्या मुलाचा पाऊस आणि सोलापूरच्या मुलाचा पाऊस एकाच निळ्या तिरप्या रेघांनीं पडतो. स्मरण येथें आहे खरें. पण तें पाहिलेल्या जगाचें नाहीं, पाठ केलेल्या चित्राचें आहे. 'माझा आवडता प्राणी' हा निबंध मार्गदर्शिकेंतून पाठ करून लिहिणारीं मुलें आपण पाहिलीं आहेत. हा त्याच घराण्याचा प्रकार. फरक एवढाच कीं निबंधाच्या बाबतींत निदान कोणाला तरी लाज वाटते.

ही रीत आली कोठून? इंग्रजांनीं लादली असें म्हणून हात झटकणें सोपें आहे, आणि तें अर्धें खरेंही आहे. लंडन येथील १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर हेन्री कोल व त्याचे सहकारी यांनीं साउथ केन्सिंग्टनची म्हणून जी शिक्षणपद्धति बसविली, तींत चित्रकलेच्या तेवीस पायऱ्या होत्या. पट्टी-कंपासानें रेघा ओढण्यापासून आरंभ, मग सपाट नमुन्यांवरून नक्कल, मग प्लास्टरच्या नमुन्यांवरून नक्कल, आणि असें पुष्कळ चढून गेल्यावर सजीव माणसाचें दर्शन. कारखान्यांतल्या मालाला बरा आकार यावा हा तिचा मुख्य हेतु. मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून १८५७ सालीं कलाशाळा निघाली, तिच्यावरही याच पद्धतीची छाप पडली. यांतली गंमत अशी कीं, त्याच १८५१ च्या प्रदर्शनांत हिंदुस्थानच्या कापडावरील व भांड्यांवरील नक्षी पाहून ओवेन जोन्ससारखे जाणकार इंग्रज थक्क झाले होते, आणि आपल्या कारखानदारांनीं इकडून धडा घ्यावा असें सांगत होते. ज्यांच्याकडून धडा घ्यावयाचा त्यांच्याच नातवंडांना नक्षी शिकविण्यासाठीं मग विलायतेहून नमुने आले!

परंतु हें अर्धें खरें. उरलेलें अर्धें असें कीं, त्याच कलाशाळेंत आलेल्या कांहीं इंग्रज शिक्षकांना या पद्धतीच्या भिंती लौकरच टोंचूं लागल्या. लॉकवुड किपलिंग १८६५ सालीं मुंबईस आले. पुढें सरकारी कामगिरीवर उत्तर हिंदुस्थानांत फिरून त्यांनीं सुतार, विणकर, कुंभार यांचीं ते काम करीत असतांनाचीं चित्रें काढलीं. जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांस अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करविल्या. त्यांपैकीं पुष्कळ प्रती पुढें विलायतेंत आगींत जळाल्या, हें आपलें दुर्दैव. कोणी म्हणेल, ही सुद्धां नक्कलच नव्हे काय? होय, नक्कलच. परंतु लेण्याच्या अंधारांत मूळ भिंतीसमोर महिनेच्या महिने उभें राहून एका बोटाचें वळण कसें गेलें आहे याचा शोध घेणें ही एक नक्कल, आणि फळ्यावरच्या 'पाठमोऱ्या बाई'वरून पांचशें पाठमोऱ्या बाया काढणें ही दुसरी. पहिलींत डोळा तयार होतो. दुसरींत डोळ्याचें कामच पडत नाहीं. साउथ केन्सिंग्टनला जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. विलायतेनें स्वतः ती पद्धति केव्हांच टाकली. व्हिएन्नांत फ्रान्झ सिझेक यानें १८९७ सालीं मुलांचा चित्रवर्ग काढला, आणि मुलांच्या चित्रांना मोठ्यांच्या चित्रांचें मोजमाप लावूं नये हें युरोपास पटूं लागलें. आम्ही मात्र गोऱ्या साहेबाचा तक्ता देव्हाऱ्यांत ठेवून बसलों आहों, आणि अजिंठ्याची शिडी विसरलों आहों.

दुसरी प्रश्नपत्रिका 'संकल्पचित्रा'ची. तिजविषयीं आम्हांस विशेष बोलावयाचें आहे, कारण 'डिझाइन' हा शब्द हल्लीं प्रत्येक पालकाच्या तोंडीं आहे आणि त्याचा अर्थ फार थोड्यांच्या ध्यानांत आहे. परीक्षेंत सामान्यतः एक चौकोन, वर्तुळ किंवा तशीच एकादी आकृति असते. तींत पानें, फुलें, पक्षी किंवा भौमितिक आकार बसवावे, रंग सपाट द्यावा, आणि रंग रेघेबाहेर जाऊं देऊं नये. तें झालें संकल्पचित्र. अलीकडे त्यांत वारली माणसांचीही भर पडली आहे. लग्नघरच्या सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें बायका ज्या देवतेचा चौक लिहितात, त्या चौकांतून दोन त्रिकोणांचीं माणसें उचलून आणावयाचीं आणि कुंडीच्या कांठावर फेर धरून नाचवावयाचीं!

'संकल्प' या शब्दाची तरी कांहीं चाड ठेवावी. आपल्या घरीं पूजेस बसल्यावर गुरुजी संकल्प सोडवितात तेव्हां त्यांत काय असतें? कोणत्या काळीं, कोणत्या स्थळीं, कोणत्या गोत्राचा कोण मनुष्य, कोणत्या हेतूनें हें कर्म करीत आहे, याचा उच्चार असतो. देश, काल, कर्ता व प्रयोजन हीं सांगितल्याशिवाय पळीभर पाणी सुद्धां सुटत नाहीं. डिझाइन म्हणतात तें नेमकें हेंच. ही वस्तु कोणासाठीं, ती कोठें राहणार, कशाची होणार, किती पैशांत होणार आणि कोणत्या गरजेसाठीं, हें ठरवून मग आकार देणें. आमच्या परीक्षेंतील संकल्पचित्रांत चौकोन आहे, फुलें आहेत, रंग आहेत. नाहीं तो फक्त संकल्प. तो चौकोन उशीचा अभ्रा आहे, फरशी आहे कीं पतंग आहे, हें कोणी विचारीत नाहीं, आणि मुलासही ठाऊक नसतें.

याच परीक्षेंत वस्तुचित्रासाठीं कधीं टेबलावर तांब्याही मांडतात. मुलें त्याची छायाप्रकाशासह आकृति काढतात; कडेची चमक पांढरी सोडतात. तांब्याची मान अशी आवळलेली कां, पोट फुगीर कां, ओठ बाहेर वळलेला कां, हा प्रश्न विचारल्याचें आमच्या तरी ऐकण्यांत नाहीं. १९५८ सालीं चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारास एक अहवाल सादर केला. त्यांत त्यांनीं आपल्या याच लोट्याची मनापासून वाखाणणी केली, आणि तो घडवितांना कशाकशाचा विचार झाला असेल याची यादी दिली: पाणी किती मावावें, उचलणारा हात केवढा, डोक्यावर वा कमरेवर घेतला तर तोल कसा राहील, ओततांना धार कशी पडेल, आंत हात घालून घासतां येईल कीं नाहीं, किंमत किती पडेल. त्या अहवालांतूनच १९६१ सालीं अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. म्हणजे आमच्या ओसरीवरच्या तांब्याकडे नीट पाहण्यासाठीं पाहुण्यांना समुद्र ओलांडून यावें लागलें. ते येऊन गेल्यास साठ वर्षें उलटून गेलीं, आणि आमच्या नववीच्या वर्गांत तांब्या अजून टेबलावर मुकाट्यानें उभा आहे.

दुसरें उदाहरण ताजें आहे. जून २०२५ मध्यें प्राडा या इटालियन पेढीनें मिलान येथील आपल्या प्रदर्शनांत कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, आणि प्रथम कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. महाराष्ट्रांत केवढा गहजब झाला! तो व्हावयासच हवा होता. त्या चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, आणि ओरड झाल्यावर त्या पेढीस मूळ कबूल करावें लागलें. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. त्या दिवसांत ज्यांनीं ज्यांनीं संताप व्यक्त केला, त्यांच्यापैकीं किती जणांनीं शाळेंत असतांना एकदां तरी कोल्हापुरी चप्पल समोर ठेवून, उलटी करून, मापें घेऊन काढली होती? तिचे कान कशासाठीं, वेणी कशी गुंफतात, बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें कातडें पायास कसें वळतें, हें कोणत्या तासाला शिकविलें? कोल्हापुरांतल्या शाळेंत तरी शिकवितात काय? चोरी झाल्यावर ओरडणारा घरमालक आपल्या घरांत काय काय आहे याची यादी करीत नसेल, तर पोलिसांनीं तरी काय करावें!

आतां आक्षेपकांकडे वळूं. पहिला आक्षेप फार जुना आहे: सगळ्याच मुलांना कांहीं चित्रकार व्हावयाचें नाहीं. खरें आहे. सगळ्यांना कवीही व्हावयाचें नाहीं. तरी कविता शिकवितों. ज्या मुलास पुढें घर बांधावयाचें आहे, दुकानाची पाटी करवून घ्यावयाची आहे, लग्नपत्रिका छापावयाची आहे, नगरपालिकेनें चौकांत उभारलेला पुतळा बरा कीं ओंगळ हें म्हणावयाचें आहे, त्या प्रत्येकास डोळा हवा. आपल्या शहरांतील पाट्या पाहा, अक्षरांच्या मात्रा-वेलांट्यांची जी काटछांट त्यांवर झालेली असते ती पाहा. हे सर्व शिकलेले लोक आहेत. संगणकावर आपण रोज वाचतों त्या 'मंगल' नांवाच्या देवनागरी अक्षरांचा आकार र. कृ. जोशी या मराठी माणसानें सिद्ध केला, हें किती शाळांत सांगतात?

दुसरा आक्षेप नवा आहे, आणि तो तरुण पालकांकडून येतो. आतां यंत्रास चार शब्द सांगितले कीं अर्ध्या मिनिटांत हवें तें चित्र तयार होतें; मग मुलानें बोटें रंगवून काय साधावयाचें? आम्हांस हा आक्षेप फार आवडतो, कारण तो आमचीच बाजू मांडतो. ज्या चित्रकलेंत सहा घोटलेल्या आकृति इकडच्या तिकडे करावयाच्या, तेंच काम यंत्र अधिक सफाईनें करतें. त्याच्याशीं स्पर्धा करणारीं मुलें घडविण्याचा कारखाना आजच बंद केला पाहिजे. परंतु यंत्रानें पुढ्यांत टाकलेल्या दहा चित्रांपैकीं नऊ टाकाऊ आहेत हें ओळखणार कोण? ज्यानें कधीं आपल्या हातानें अंगणांतल्या नळाचें चित्र काढलें, पुसलें, पुन्हां काढलें, आणि नळाची तोटी आपण समजत होतों तशी मुळींच नाहीं हें ज्याच्या ध्यानीं आलें, तोच ओळखूं शकेल.

तिसरा आक्षेप खुद्द चित्रकला-शिक्षकांचा आहे, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, हे सात गुण आहेत म्हणून निदान मुलें वर्गांत येतात, म्हणून मुख्याध्यापक तास देतात. गुण काढून घ्याल तर तासही जाईल आणि आमची जागाही जाईल. या भीतीस आधार नाहीं असें कोण म्हणेल? चित्रकलेचा तास हा शाळेंत सर्वांचा हक्काचा तास असतो. गणिताचा भाग मागें राहिला, घ्या चित्रकलेचा तास. संमेलनाची तालीम आहे, घ्या. फळा-सुशोभन, रांगोळी, पाहुण्यांच्या स्वागताची कमान, निवडणुकीच्या जागृतीची भित्तिपत्रकें, हीं सारीं चित्रकला-शिक्षकाच्या माथीं. आणि कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक सांगितले आहेत. पण ते अंशकालीन, आणि तेही शाळेंत शंभरांहून अधिक मुलें असतील तरच. शंभर मुलांच्या आंतल्या गांवास डोळे नसतात असा कायदेकर्त्यांचा समज दिसतो. १९८६ पासून २०२० पर्यंतचीं शैक्षणिक धोरणें कलेचा गौरव करीत आलीं, त्यांतील वाक्यें आम्हीही भक्तिभावानें वाचतों; परंतु गौरवावर शिक्षकाचा पगार होत नाहीं.

म्हणून शिक्षकांची भीति आम्ही मान्य करतों. त्यांच्या तोडग्यावर मात्र आमचा विश्वास नाहीं. गुणांनीं मुलें आणलीं हें खरें. पण कशासाठीं आणलीं? ज्या विषयाची किंमत दुसऱ्या विषयांच्या बेरजेंत भर घालण्यापुरती, त्याचा शिक्षकही मग त्या बेरजेचा कारकून होतो. वर्षभरांत मुलास पाहावयास शिकवूं म्हटलें तर अ श्रेणी हुकेल ही धास्ती. अ श्रेणी हुकली तर पालक दारांत. जो शिक्षक मनापासून चित्रकार आहे त्याचा या ओढाताणींत जीव किती घुसमटत असेल! येथें आम्ही पालकांना विचारतों: शाळेच्या सभेंत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी असल्याची तक्रार आपण केली असेल, चित्रकलेचा शिक्षक नाहीं म्हणून आपण कधीं उभे राहिलां आहां काय?

हें सर्व या देशांत होऊं शकत नाहीं असेंही नाहीं. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें, हिंदुस्तानी तालीमी संघाच्या शाळेंत, शांतिनिकेतनच्या कलाभवनांतून शिकून आलेले देवी प्रसाद १९४४ पासून पुष्कळ वर्षें मुलांना चित्रकला शिकवीत होते. तेथें सूत होतें, माती होती, शेत होतें, आणि चित्र त्यांच्या शेजारींच होतें. कला हा शिक्षणाचा पाया आहे असें प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यांनीं या अनुभवावर लिहिला. तो ग्रंथ आहे, सेवाग्राम आपल्याच राज्यांत आहे; आमचे नियम मात्र दुसरीकडूनच येतात.

तेव्हां आमचें मागणें असें. परीक्षा मोडूं नये. तालुक्याच्या गांवांतल्या एकाद्या गुणी मुलास आपल्या हातीं कांहीं आहे याची पहिली साक्ष बहुधा याच परीक्षेनें मिळते, आणि कलामहाविद्यालयाची वाट त्यास त्यामुळें दिसते. तें दार बंद करणें पाप होईल. मोडावा तो परीक्षेचा व दहावीच्या बेरजेचा संबंध. सात गुण काढावे, पांच काढावे, तीनही काढावे. आणि त्याच आदेशांत, त्याच दिवशीं, शाळा लहान असो वा मोठी, चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक नेमण्याची सक्ति करावी. एक करून दुसरें पुढें ढकलावयाचें असेल तर कांहींच करूं नये. मग शिक्षकांचें म्हणणें खरें ठरेल. ज्या पालकांना सात गुणांचा मोह सुटत नाहीं त्यांनीं आपल्या मुलास तेवढ्या वेळांत गणित शिकवावें. रंगाचा खर्च तरी वांचेल.

आणि स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेऐवजीं वर्षभराची एक वही मागवावी. तींत मुलानें आपण पाहिलेल्या निदान तीस वस्तूंचीं व प्रसंगांचीं रेखाटनें करावीं. चांगलीं असोत, वाईट असोत, पुसलेलीं असोत. वह्या तपासणार कोण, हा प्रश्न अधिकारी लगेच विचारतील. शेजारच्या शाळेच्या शिक्षकानें तपासाव्या, मुलास समोर बसवून, प्रत्येकीं दहा मिनिटें. कोणतेंही एक पान उघडून त्यानें एवढेंच विचारावें: हें तूं कोठें पाहिलेंस? ज्या मुलाला याचें उत्तर देतां येणार नाहीं त्याला नापास करूं नये. त्याला पेन्सिल देऊन शाळेच्या पटांगणांत पाठवावें, आणि वही पुढल्या आठवड्यांत पुन्हां मागवावी.